जुन्या कॉर्व्हेटचे मागचे सस्पेन्शन : कारागीर निवडताना

शेव्हरोले कंपनीची 'कॉर्व्हेट' ही अमेरिकेतील सर्वांत नावाजलेली स्पोर्ट्स कार. १९६३ ते १९८२ या काळात बनलेल्या कॉर्व्हेट मोटारी आजही मोठ्या संख्येने शौकिनांकडे आहेत. त्यांचे व्ही-८ इंजिन उघडून बांधणारे मेकॅनिक अमेरिकेत गावोगाव भेटतात, फायबर ग्लासच्या बॉडीला गंज चढत नाही आणि सुटे भाग नव्याने तयार करून विकणारा मोठा व्यवसायही तिथे उभा राहिला आहे. मालकाची खरी परीक्षा पाहणारी गोष्ट मात्र गाडीच्या पोटाखाली असते. ती म्हणजे मागच्या चाकांना धरून ठेवणारे दोन 'ट्रेलिंग आर्म' आणि त्यांच्या टोकाशी बसवलेली बेअरिंगे. हे आर्म दुरुस्तीसाठी कोणाकडे द्यावेत, हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. काम चुकीचे झाले तर वेगात असताना चाक जाम होऊ शकते आणि प्रसंगी चाक गाडीपासून वेगळेही होऊ शकते.

रचना समजून घेताना

१९६२ पर्यंतच्या कॉर्व्हेटला मागे अखंड ॲक्सल होता. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही हलत असे. १९६३ च्या 'स्टिंग रे' मॉडेलमध्ये प्रथमच मागची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली. या बदलामागे झोरा आर्कस-डंटोव्ह हे अभियंते होते. ब्रसेल्समध्ये रशियन आईवडिलांच्या पोटी १९०९ साली जन्मलेले डंटोव्ह पुढे कॉर्व्हेटचे मुख्य अभियंता म्हणून ओळखले गेले. त्यांची योजना काटकसरीची आणि तितकीच हुशारीची होती. डिफरन्शियल चेसिसला पक्के बांधलेले. प्रत्येक चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम पोलादी पत्र्याच्या पोकळ ट्रेलिंग आर्मचे. चाकाला आडवे धरण्याचे काम खालच्या बाजूस एका दांड्याचे, तर वरच्या बाजूस चक्क चाकाकडे शक्ती नेणाऱ्या हाफ शाफ्टचे. वेगळा वरचा दांडा दिलेलाच नाही. (हीच युक्ती जॅग्वार कंपनीने १९६१ च्या ई-टाइपमध्येही वापरली होती.) भार पेलण्यासाठी दोन्ही चाकांमध्ये एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग. बारीकसारीक फेरफार वगळता ही रचना १९८२ पर्यंत टिकली.

आर्मचे पुढचे टोक रबरी बुशातून चेसिसमध्ये अडकवलेले असते. मागच्या टोकाला चार बोल्टांनी एक ओतीव घर बसवलेले असते. या घरात दोन निमुळती रोलर बेअरिंगे असून त्यांतून आरपार जाणाऱ्या जाड स्पिंडलवर चाक आणि १९६५ पासून ब्रेकची डिस्क बसते. पुढच्या सर्व चर्चेचा केंद्रबिंदू हे स्पिंडल आणि ही दोन बेअरिंगे आहेत.

निमुळत्या रोलर बेअरिंगचे पेटंट १८९८ साली सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने घेतले. त्याच शहरात १९५३ च्या अखेरीपासून १९८१ पर्यंत कॉर्व्हेट बनत होती, हा एक मौजेचा योग म्हणावा लागेल.

केसापेक्षा बारीक हिशोब

निमुळत्या बेअरिंगचा एक स्वभाव आहे. दोन बेअरिंगे एकमेकांकडे जास्त दाबली गेली तर ती तापतात आणि जळतात. सैल राहिली तर चाक डुगडुगते. त्यामुळे स्पिंडलला आत-बाहेर किंचित हालचाल ठेवावी लागते. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला 'प्ले' म्हणतात. कंपनीने या गाडीसाठी ठरवलेला प्ले होता ०.००१ ते ०.००८ इंच, म्हणजे साधारण पाव दशांश ते दोन दशांश मिलिमीटर. माणसाचा केस सुमारे सात शतांश मिलिमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे खालची मर्यादा किती नाजूक आहे ते कळेल. या कामात मुरलेले कारागीर कंपनीच्या वरच्या मर्यादेवर समाधान मानत नाहीत. ते एक ते तीन हजारांश इंचाच्या दरम्यान प्ले ठेवणे पसंत करतात.

हा प्ले नट कमी-जास्त आवळून साधत नाही, आणि घोडे इथेच पेंड खाते. पुढच्या चाकात नट आवळून थोडा मागे फिरवला की काम होते. कॉर्व्हेटच्या मागच्या चाकात मात्र दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर आणि एक शिम असते. नट पूर्ण जोराने आवळायचा असतो, आणि प्ले किती राहणार हे शिमच्या जाडीवर ठरते. शिम जाड घेतली तर प्ले वाढतो, पातळ घेतली तर घटतो. त्यात भर म्हणजे बेअरिंगे स्पिंडलवर घट्ट दाबून बसवलेली असतात. प्रेसशिवाय किंवा खास हत्याराशिवाय ती सुटत नाहीत.

सामान्य गॅरेजांनी या भागाकडे पाठ फिरवली त्याचे कारण हेच. ब्रेकचे काम निघाले, पाटे बदलले, क्रॉस बदलले. पण बेअरिंग उघडण्याच्या वाटेला कोणी गेले नाही. बाहेरून ग्रीस भरण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. परिणामी कारखान्यात भरलेले ग्रीस वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि सुकून मेणासारखे झाले. जी गाडी वर्षाकाठी चारदोन वेळाच बाहेर पडते तिची बेअरिंगे शाबूत असतील, हा समजही फसवा आहे. उभ्या गाडीत ओल शिरते आणि रोलरच्या रेषेत गंजाचे ओरखडे पडतात. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाताना आलेली घरघर हा बहुधा त्या ओरखड्यांचाच आवाज असतो.

खरे काम कुठे दिसते?

आर्म दुरुस्त करून देणाऱ्या कार्यशाळांच्या जाहिरातींत चकचकीत काळे, नवेकोरे दिसणारे आर्म असतात. वाळूचा मारा करून गंज काढणे आणि रंग देणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. प्ले अर्धा हजारांश असो वा बारा हजारांश, रंग सारखाच दिसतो. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो मापाचा.

चांगल्या कार्यशाळेत काम असे चालते. आधी जुन्या जोडणीचा प्ले मोजून टिपला जातो. मग स्पिंडल प्रेसने किंवा घराला बोल्टने बांधायच्या खास हत्याराने बाहेर काढले जाते. हातोडा मारून स्पिंडल काढणारा कारागीर आढळला तर तिथून आर्म परत घ्यावेत. घावाने आटे बिघडतात, आणि क्वचित स्पिंडलला दिसू न येणारी चीर जाते. सुटलेले स्पिंडल धुऊन, चुंबकीय चाचणीने चिरा तपासून, बेअरिंगच्या बैठकीचा व्यास मोजला जातो. ज्या गाडीचे बेअरिंग एकदा जळाले आहे तिच्या स्पिंडलवर निळसर छटा दिसते. पोलाद तापून त्याची कठीणता गेल्याची ती खूण असते. असे स्पिंडल पॉलिश करून परत वापरणे म्हणजे ग्राहकाच्या जिवाशी खेळणे आहे.

त्यानंतर खरी कसोटी येते. बेअरिंग एकदा दाबून बसवल्यावर प्ले चुकला असे दिसले तर पुन्हा सर्व सोडावे लागते, आणि त्या ओढाताणीत नवे बेअरिंग खराब होते. म्हणून जाणकार कारागीर व्यास किंचित कमी असलेले एक नकली स्पिंडल वापरतात. त्यावर बेअरिंगे हाताने सरकतात. वेगवेगळ्या जाडीच्या शिम घालून, नट आवळून, डायल गेजवर प्ले पाहिला जातो. मोजताना स्पिंडल फिरवत राहावे लागते, नाहीतर रोलर जागेवर बसत नाहीत आणि आकडा खोटा येतो. शिम ठरली की मग खऱ्या स्पिंडलवर अंतिम जोडणी होते.

यातील एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बेअरिंगची आतली कडी घट्ट स्पिंडलवर दाबली जाताच ती सूक्ष्म प्रमाणात फुगते आणि प्ले कमी होतो. नकली स्पिंडलवर दोन हजारांश दिसलेला प्ले प्रत्यक्षात शून्यावर येऊ शकतो. याचाच अर्थ अंतिम जोडणीनंतर पुन्हा मोजणे अपरिहार्य आहे. कार्यशाळेला फोन करून विचारायचा एकच प्रश्न निवडायचा झाला तर तो हा असावा : 'शेवटच्या जोडणीनंतर प्ले किती भरतो, आणि तो आकडा लिहून देता का?' ज्याला हे काम येते तो लगेच आकडा सांगेल, उजव्या-डाव्या बाजूचा वेगवेगळा सांगेल. 'कंपनीच्या मापात बसतो' एवढेच उत्तर आले तर कंपनीचे माप एक ते आठ हजारांश इतके ऐसपैस आहे, हे विसरू नये.

काही जण स्पिंडलची बैठक घासून थोडी बारीक करतात. मग बेअरिंग सहज सरकते, प्रेसची कटकट उरत नाही आणि पुढच्या वेळी ग्रीस बदलणेही सोपे होते. या पद्धतीचे समर्थक आहेत, विरोधकही आहेत. ढिली झालेली कडी स्पिंडलवर फिरू लागली तर ती पोलाद खात जाते, हा विरोधकांचा मुद्दा बिनतोड आहे. निदान कार्यशाळा तसे करते की नाही हे ग्राहकाला आधी माहीत असलेच पाहिजे.

बेअरिंग कोणत्या कंपनीचे, हेही विचारावे. जुन्या मालकांचा भर टिमकेनसारख्या नावाजलेल्या उत्पादकांवर असतो. खोक्यावर नाव एक आणि आत माल दुसरा, असा अनुभव जगात सर्वत्र येतो. त्यामुळे बेअरिंगच्या कडीवर कोरलेला क्रमांक पाहण्याची तयारी ठेवावी.

मऊ ब्रेकचे मूळ

१९६५ पासून कॉर्व्हेटला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आले. कारखान्यात डिस्क स्पिंडलला रिव्हेटने पक्की केली जाई. जोडणीनंतर तिचा पृष्ठभाग मशीनवर काढला जात असल्याने ती डुलत नसे. स्पिंडल सोडण्यासाठी हे रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात, आणि डिस्कचे स्पिंडलशी असलेले मूळ नाते तिथे तुटते.

पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. डिस्क किंचित डुलू लागली की ती प्रत्येक फेऱ्यात कॅलिपरचे दट्टे आत-बाहेर हलवते. या गाडीच्या मूळ कॅलिपरमधील रबरी सील ओठासारखे असतात. तेल बाहेर जाऊ न देणारे हे सील दट्ट्यांच्या या हालचालीत बाहेरची हवा मात्र आत घेतात. पेडल मऊ पडते. मालक ब्रेकमधील हवा काढतो, चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. कॅलिपर बदलले जातात, मास्टर सिलिंडर बदलला जातो, आणि दोष राहतो चाकाच्या बेअरिंगात किंवा डिस्कच्या डुलण्यात. बेअरिंगचा प्ले आठ हजारांशाच्या आसपास असेल तर डिस्क सरळ असूनही ती चाकासोबत हलते, आणि हाच प्रकार घडतो. अनुभवी कारागीर कमी प्लेचा आग्रह धरतात तो यासाठीही.

तेव्हा आर्मसोबत डिस्कही कार्यशाळेकडे पाठवावी, आणि जोडणीनंतर डिस्कचे डुलणे पाच हजारांश इंचाच्या आत, शक्य तर तीनच्या आत आहे याची लेखी नोंद मागावी. डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे छोटे शू असतात. स्पिंडल बसल्यावर तिथे हात पोहोचणे जिकिरीचे असते. ते काम त्याच वेळी उरकणे शहाणपणाचे.

आपलेच आर्म की बदली?

कार्यशाळा दोन तऱ्हांनी काम करतात. काही जण आधीच तयार असलेले आर्म पाठवतात आणि ग्राहकाचे जुने आर्म आल्यावर अनामत रक्कम परत करतात. यात गाडी फार दिवस उभी राहत नाही. पण परत आलेल्या आर्मचा इतिहास कळत नाही, आणि आपल्या गाडीचे मूळ ओतकाम कायमचे दुसऱ्याच्या गाडीत जाते. मूळ भागांचा काटेकोर हिशोब ठेवणाऱ्या मालकांना हे परवडत नाही. जुन्या कॉर्व्हेटच्या जतनासाठी १९७४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी'च्या परीक्षणात गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का, हे पाहिले जाते.

आपलेच आर्म दुरुस्त करून घेणे वेळखाऊ आहे, पण बहुतेकांसाठी तोच मार्ग योग्य. मात्र आर्म पाठवण्यापूर्वी ते वाचण्याजोगे आहेत का ते पाहावे. पोकळ पत्र्याच्या आर्मला गंज आतून लागतो. बाहेरून ठीक दिसणारा पत्रा टोकदार हत्याराने टोचला असता आत जात असेल तर त्या आर्मवर खर्च करू नये. बर्फावर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडील राज्यांतील गाड्यांत हे सर्रास आढळते. अशा वेळी 'पट्टी वेल्ड करून देतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'हा आर्म टाकून द्या' म्हणणारा कारागीर अधिक विश्वासाचा.

आर्म गाडीतून सोडवणे हेही एक दिव्यच असते. पुढच्या बुशातील बोल्ट गंजून नळीशी एकजीव झालेला असतो आणि बहुधा करवतीने कापावा लागतो. मागे शॉक ॲब्सॉर्बर आणि खालचा दांडा ज्या खुंट्यावर बसतात तो बेअरिंगच्या घरात अडकून बसतो. घाईने हातोडा चालवला तर ओतीव घराचा कान तुटतो. तो खुंटा तसाच ठेवून घर कार्यशाळेकडे पाठवावे. त्याचे चार पैसे जास्त पडतील, पण घर वाचेल.

बुश रबराचे घ्यावे की पॉलियुरेथेनचे, यावर शौकिनांत बरेच वाद होतात. हा आर्म केवळ वर-खाली होत नाही, तर हलताना थोडा आडवाही पिळला जातो. रबर ते सहन करते, कडक पॉलियुरेथेन त्याला विरोध करते. शर्यतीत न उतरणाऱ्या गाडीला रबर पुरेसे आहे. ज्या कार्यशाळेत बुशाच्या नळीचे टोक पसरवून पक्के करण्याचे हत्यार आहे तिथेच ते बसवून घ्यावे.

शिवाय केवळ आर्म नवे करून भागत नाही. हाफ शाफ्ट हाच वरचा दांडा असल्यामुळे त्याचे क्रॉस आणि डिफरन्शियलमधून बाहेर येणाऱ्या योकची टोके झिजली असतील तर चाक वरून आत झुकते. प्रामाणिक कार्यशाळा गिऱ्हाइकाला योकचा प्ले तपासायला स्वतःहून सांगते.

भारतातील मालकांसाठी

भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. अशा गाड्यांच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. साठच्या दशकातील कॉर्व्हेट वयाने या वर्गात बसते. आर्म अमेरिकेला पाठवून परत आणणे खर्चिक आणि कागदपत्रांचे जंजाळ वाढवणारे आहे. वास्तविक डायल गेज, प्रेस आणि हजारांशात मोजणारे हात भोसरीच्या वा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कार्यशाळांत दुर्मीळ नाहीत. तिथे कमी पडते ती या विशिष्ट जोडणीची माहिती. बेअरिंगे, शिमचा संच आणि नकली स्पिंडल बाहेरून मागवून, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलची संबंधित पाने कारागिराच्या हाती देऊन, दोन्ही बाजूंचे आकडे आपल्यासमोर मोजून घेतले तर हे काम इथेही होऊ शकते. नेहमीच्या गॅरेजकडे 'बेअरिंग बदलून द्या' एवढे सांगून गाडी सोपवणे मात्र टाळावे.

आर्म परत आल्यावर

खोके उघडताच दोन्ही स्पिंडल हाताने फिरवून पाहावेत. ते जडसर पण एकसारखे फिरले पाहिजेत, कुठेही अडखळता कामा नये. घरी डायल गेज असल्यास प्ले स्वतः मोजून कार्यशाळेच्या नोंदीशी ताडून पाहावा. दाव्याला जागा असेल तर ती आर्म बसवण्यापूर्वीच असते. आर्म चेसिसमध्ये बसवताना पुढच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना घातल्या जाणाऱ्या शिमवर चाकाची दिशा ठरते. जुन्या शिम मोजून जशाच्या तशा घातल्या तरी चारही चाकांचे अलाइनमेंट नव्याने करावे लागते. हे काम करणाऱ्याला मागचे चाकही जुळवावे लागते याची कल्पना आधी द्यावी, कारण अनेक जण फक्त पुढची चाके पाहून गाडी परत करतात.

पहिली फेरी दहा-पंधरा किलोमीटरचीच करावी. शेवटच्या टप्प्यात ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबवावी, आणि चाकाच्या मध्यभागी बेताने हात लावून दोन्ही बाजूंची उष्णता ताडून पाहावी. दोन्ही सारखी कोमट असतील तर उत्तम. एकच बाजू हात ठेववणार नाही इतकी तापली असेल आणि ब्रेक अडकत नसल्याची खात्री झाली असेल, तर त्या बाजूचे बेअरिंग आवळलेले आहे. गाडी तिथून चालवत नेऊ नये, दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.